मनातली अढी
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा मोठे सिद्धान्त सांगणे हा माझा प्रांत नव्हे. पण संसारात, शेजारात आणि ह्या मंडळात वावरताना एक प्रश्न वारंवार पुढे येतो, त्यावर चार शब्द बोलावेसे वाटले. ज्यांच्याशी आपली धड ओळखही नाही, अशा सबंध समाजाचा माणूस द्वेष का करू लागतो?

आपण म्हणतो, 'तिच्याविषयी मनात अढी बसली.' कच्चे आंबे पेंढ्यात रचून ठेवतात, तीही अढीच. दोन्हींची रीत एकच. झाकून ठेवले की आतल्या आत पिकते. फरक एवढाच की आंब्याची अढी आपण अधूनमधून उघडून पाहतो. एक आंबा नासला तर तेवढा काढून टाकतो, सगळी रास उकिरड्यावर नेत नाही. मनातली अढी मात्र कोणी उघडून पाहत नाही. परक्या बाईने उसने नेलेले परत केले नाही, की 'ती माणसेच तसली' असे आपण म्हणतो. नात्यातलीने तेच केले तर 'विसरली असेल बिचारी!' आपल्या माणसाचा दोष त्याच्या एकट्याचा आणि परक्याचा दोष त्याच्या साऱ्या समाजाचा, असा हा हिशेब आहे. द्वेषाचे पहिले मूळ येथे आहे.

दुसरे मूळ शिकवणीत. दोन वर्षांचे मूल खेळगडी शोधताना कोणाची जात विचारीत नाही. पुढे ते विचारू लागते, कारण घरात त्याच्या कानांवर काही पडत असते. हे किती लवकर शिकवता येते, ह्याचे एक उदाहरण माझ्या मुलीने तिच्या कॉलेजच्या पुस्तकातून मला वाचून दाखविले. अमेरिकेत आयोवा राज्यात राइसव्हिल म्हणून लहानसे गाव आहे. 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग ह्यांचा खून झाला. दुसऱ्या दिवशी तेथील जेन एलियट ह्या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गातील मुलांचे डोळ्यांच्या रंगावरून दोन भाग केले. एका रंगाचे डोळे असलेली मुले हुशार व चांगली, दुसऱ्या रंगाची कमी, असे बाईंनी सांगितले. एवढे पुरले. जी मुले कालपर्यंत एकत्र खेळत होती, तीच एकमेकांना हिणवू लागली. पुढे बाईंनी पारडे फिरविले, तेव्हा दुसऱ्या बाजूने तसेच घडले. मुलांवर असा प्रयोग करावा की नाही, ह्यावर पुष्कळ वाद झाला. पण आठ-नऊ वर्षांची मुले बाईंच्या एका शब्दावर बदलली, तर आईच्या रोजच्या शब्दाने काय होत असेल?

आणि दूरदेशाकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी गुरेढोरे पीत, पण अस्पृश्य म्हणविलेल्या माणसांना ते बंद होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सहकाऱ्यांसह ते पाणी प्यायले. त्यानंतर सनातनी मंडळींनी तळ्यात पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करून घेतले! हे करणारे पुरुष होते खरे. पण घराघरांत विटाळाचे धडे देण्यात आपण बायकाही मागे नव्हतो, हे मान्य केले पाहिजे.

तिसरे मूळ असे, की द्वेष पेटविण्यात कोणाचा तरी लाभ असतो. आफ्रिकेतील रुआंडा देशात हुतू आणि तुत्सी एकच भाषा बोलत, शेजारी शेजारी राहत. बेल्जियमच्या राज्यकर्त्यांनी 1930 नंतरच्या काळात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा गट लिहून टाकला. पुढे 1994 साली सत्तेसाठी हपापलेल्या लोकांनी रेडिओवरून तुत्सींना 'झुरळे' म्हणण्याचा सपाटा लावला. भगिनींनो, झुरळ म्हटले की आपला हात विचार न करता चपलेकडे जातो. तेथे सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली. म्हणून मोबाइलवर कोणत्याही समाजाला किडामुंगीचे नाव देणारा मजकूर आला, तर तो पुढे धाडू नये. तेथेच पुसून टाकावा.

चौथे मूळ टंचाईचे. पाणी वरूनच कमी येते, पण भांडण मात्र नळाच्या रांगेतल्या दोघींचे होते.

मग ह्यावर उपाय काय? कोणी म्हणेल, सर्वांना एकत्र बोलवावे, तिळगूळ द्यावा, म्हणजे झाले. येथे मला आणखी एक प्रयोग सांगायचा आहे. 1954 साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ ह्या मानसशास्त्रज्ञांनी 22 मुलांचे उन्हाळी शिबिर भरविले. मुले एकाच वयाची, सारख्याच घरांतली. त्यांचे दोन गट करून बक्षिसांसाठी सामने लावले. थोड्याच दिवसांत शिवीगाळ सुरू झाली, झेंडा जाळला गेला. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसविले, तर मुलांनी एकमेकांवर अन्नच फेकले! पण पुढे शिबिराचे पाणी मुद्दाम बंद पाडले, तेव्हा सगळ्यांनी मिळून बिघाड शोधला. अन्न आणणारी मोटार अडली, तेव्हा ज्या दोराने रस्सीखेच खेळले होते त्याच दोराने दोन्ही गटांनी ती ओढली. अशी कामे होत गेली तसतसे वैर निवत गेले. नुसत्या एकत्र जेवणाने जे झाले नाही, ते एकत्र कामाने झाले.

आता मुद्द्यावर येते. मागच्या वस्तीत परगावाहून आलेली कुटुंबे राहतात. त्यांच्या बायकांना आपण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावतो. त्या येतात, वाण घेतात, कोपऱ्यात बसून निघून जातात. यंदा दिवाळीच्या फराळाच्या कामात त्यांतील दहाजणींना घ्यावे, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. 'त्यांच्या हाताला स्वच्छता नाही', 'आपल्या मालाचे नाव जाईल', असे काही भगिनींचे म्हणणे आहे. नाव जाण्याची काळजी खोटी नव्हे. मंडळाने ते कष्टाने मिळविले आहे. पण त्याला उपाय नियमाचा आहे. हात धुणे, केस बांधणे, पीठ चाळणे ह्यांचा नियम सर्वांना एकच असावा. जी तो पाळणार नाही तिला, मग ती आपली असो की वस्तीतली, काम देऊ नये. मजुरीही सर्वांना सारखीच असावी. आणि त्यांची एक पंगत, आपली एक, असे न करता प्रत्येक कढईपाशी दोघी दोन्हीकडच्या बसवाव्या. कढईत तेल तापलेले असताना चकलीकडे लक्ष द्यावे लागते, गावगाड्याकडे नव्हे.

एका दिवाळीने सगळे मिटेल, असे मी म्हणत नाही. कुरबुरी होतील, कोणाची चकली मऊही पडेल. पण ती 'त्या लोकांची' न होता अमक्या बाईची चकली होईल. त्या बाईचे नाव आपल्याला ठाऊक असेल, आणि आपले तिला. पुढल्या महिन्याच्या सभेत ही सूचना मताला येईल, तेव्हा ह्याचा विचार व्हावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.