गारव्याचा टन



बीड जिल्ह्यात टन म्हटलं की ऊस आठवतो. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसभर राबून साधारण दीड-दोन टन ऊस तोडतो, मोळ्या बांधतो, गाडी भरतो. मजुरी टनावर ठरते. आज मी दुसऱ्या एका टनाविषयी बोलणार आहे.

दुकानात आपण विचारतो, एसी एक टनाचा घ्यावा की दीड टनाचा? हा टन यंत्राच्या वजनाचा नाही, बर्फाचा आहे. खोल्या बर्फाने गार करत त्या काळचं हे माप. अमेरिकी टन सुमारे 907 किलोंचा. तेवढा बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचा एसी.

हा एसी छोट्याशा जागेत बसवला तर काय होतं ते पाहू. अमेरिकेत 1930 च्या दशकापासून हौशी माणसं घरच्या घरी थेंबाच्या आकाराची छोटी गाडी बनवतात. आत दोघांपुरतं अंथरूण, मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. मोटारीच्या मागे जोडायची आणि निघायचं. आता अशा गाडीतही एसी बसवतात. तेव्हा पहिला धडा मिळतो तो हा, की एसी उष्णता नाहीशी करत नाही, फक्त आतून बाहेर टाकतो. त्याची गरम पाठ बाहेर निघाली नाही, तर गाडी आणखी तापते. दुसरा धडा विजेचा. एक टनाच्या एसीला साधारण हजार वॅट वीज लागते. 12 व्होल्टची, 150 अँपिअर-तासांची मोठी बॅटरी त्याला दोन तासही पुरत नाही. पंचवीस वॅटचा छोटा पंखा मात्र तिच्यावर रात्रभर चालून वर वीज उरते.

हातानं उभारलेलं, मुक्काम बदलणारं घर आपल्या जिल्ह्याचंही आहे. ते म्हणजे कोपी. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूरच्या गावांतून ऊसतोडीसाठी ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत बांबू, ताडपत्री, भांडी, धान्याची पोती आणि वर बसलेली लेकरं. कोल्हापूर, सांगली, सातारा, कर्नाटक अशा मुलखांत रिकाम्या रानात कोप्या पडतात. आत वाकून शिरावं लागतं. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी काळं प्लास्टिक तापतं, आणि त्या धगीत तान्ही लेकरं झोपलेली असतात.

तिथे एसी जाणार नाही, जायची गरजही नाही. आपल्या आजोबांचं माळवद आठवा. लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. ऊन त्या थरातच अडायचं, म्हणून भर दुपारी आत गार वाटायचं. कोपीला मातीचं ओझं पेलणार नाही, पण दुहेरी छत पेलेल. वरची ताडपत्री फिकट रंगाची, खाली दुसरी, मधे वीतभर पोकळी. वारा त्या पोकळीतून उष्णता घेऊन जातो. दाराच्या समोरच्या बाजूला झडप ठेवली की हवा आरपार वाहते. पाचटाचं आच्छादन गार असतं, पण वाळलेलं पाचट ठिणगीनं पेटतं. चूल दूरच हवी.

आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, हाही एक आधार. माठ ज्या गुणानं गार राहतो, तोच गुण दारावरच्या ओल्या गोणपाटात आहे. तासाभरात पाच लिटर पाणी वाळलं, तर ते एक टनाच्या एसीइतकीच उष्णता शोषून घेतं. मात्र हे पाणी बाईनं डोक्यावर हंडा घेऊन आणलेलं नसावं. ते कोपीपर्यंत नळानं किंवा टँकरनं पोहोचलं पाहिजे.

कारखान्यांच्या संचालकांना आणि मुकादमांना माझी विनंती आहे. माणूस ताठ उभा राहील एवढ्या उंचीचा सांगाडा, दुहेरी छत, पाण्याची टाकी, आणि छोट्या सौर पट्टीवर चालणारा एक पंखा, एवढं प्रत्येक कोयत्याला द्या. हा खर्च मजुराच्या उचलीतून कापू नका. येत्या हंगामाची बोलणी सुरू होतील, तेव्हा टनाच्या दरासोबत कोपीच्या छपराचंही बोलणं होऊ द्या.