भयाचे वाङ्मय आणि रत्नाकर मतकरी



ज्या नंदाखालने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा साहित्य संमेलनाध्यक्ष महाराष्ट्राला दिला, त्याच्या शेजारच्या या बोळिंजमध्ये अध्यक्षपदाचा मान मला लाभला, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आणि या मानाच्या आधारे मी एक जुनी फिर्याद आपल्यापुढे दाखल करू इच्छितो. वाचनालयांतून ज्या पुस्तकांची पाने हाताळून हाताळून विरली, त्या गूढकथांना आणि भयकथांना आपल्या समीक्षेने वाङ्मयाच्या दप्तरात मानाची जागा कधी मनापासून दिली नाही.

भयकथाकार नारायण धारपांचेच पाहा. 2008 साली ते गेले, आणि त्यानंतर दहा वर्षांनी 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट गाजला तेव्हा त्याच्या प्रेरणास्थानांत धारपांच्या कथेचे नाव निघाले, म्हणून अनेकांनी त्यांची पुस्तके पुन्हा शोधली. मराठी वाचकाला ही सनद बाहेरून यावी लागावी, याचा मला विषाद वाटतो.

परंतु आज मला विस्ताराने बोलायचे आहे ते रत्नाकर मतकरींविषयी. 1938 साली जन्मलेल्या या लेखकाची 'वेडी माणसं' ही एकांकिका 1955 मध्ये, त्याने वयाची विशीही गाठली नसताना, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून सादर झाली. पुढे सुमारे दोन दशके बँकेची नोकरी सांभाळून त्यांनी बालनाट्ये, नाटके आणि कथा यांचा जो संसार उभा केला, त्याच्या मुळाशी नभोवाणीचे ते पहिले संस्कार असावेत असे मला वाटते; कारण जे डोळ्यांना दिसत नाही ते कानांवाटे मनात अधिक मोठे होते, हे ज्याला कोवळ्या वयात उमगले, त्याला पुढे 'खेकडा'सारख्या संग्रहात भुताची वर्णने करीत बसण्याची गरजच उरली नाही. त्यांच्या कथेतील भय शेजारच्या बिऱ्हाडातून, प्रसंगी आपल्याच बिऱ्हाडातून, येते.

दूरचित्रवाणीवर 'गहिरे पाणी' ही त्यांच्या कथांवरील मालिका आली तेव्हा या कलेची खरी परीक्षा झाली, कारण कागदावर वाचक आपला अंधार आपणच पुरवतो, कॅमेऱ्याला मात्र काही ना काही दाखवावेच लागते. आणि तरीही न दाखवण्याचा संयम ज्या भागांत टिकला, तेच भाग मनात घर करून राहिले.

त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'इन्व्हेस्टमेंट' या चित्रपटाला साठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. त्यात भूत नाही, वाडा नाही. मुलाच्या हातून घडलेला घोर अपराध त्याच्या भवितव्यासाठी झाकू पाहणारे सुशिक्षित आईबाप आहेत. माझ्या मते हीच मतकरींची सर्वांत भयंकर भयकथा होय, आणि 'लोककथा 78' या नाटकात गावगुंडीचा निर्दय चेहरा उघडा करणारी लेखणी व ही लेखणी यांत मला तिळमात्र भेद दिसत नाही. 17 मे 2020 रोजी, कोरोनाच्या साथीत, ती थांबली.

या व्यासपीठावरून माझी एक मागणी आहे. या टापूतील वाड्या आणि विहिरी इमारतींखाली झपाट्याने जात आहेत; सामवेदी आणि वाडवळी बोलींतून वडीलधारी मंडळी भुताखेतांच्या ज्या गोष्टी सांगत, त्या त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून येथील वाचनालयांनी जतन कराव्यात, आणि त्यांच्या शेजारी, त्याच कपाटात, धारप आणि मतकरी यांचे समग्र वाङ्मय ठेवावे. हा ठराव आजच मांडला जावा, अशी मी सभेला विनंती करतो.