क्रोटनला कोणतं पाणी द्यायचं?



मृग लागला, दोन पाऊस पडले, म्हणून आज घरात ठेवायच्या एका झाडाबद्दल बोलतो. क्रोटन. लाल, पिवळी, नारिंगी, हिरवी पानं एकाच फांदीवर. फुलाची वाट पाहावी लागत नाही, पानच फुलासारखं.

गेल्या चैत्रात आमच्या गटाने बचतीतले पैसे काढून अमरावतीच्या नर्सरीतून 20 क्रोटन आणले. दहा जणी, प्रत्येकीला दोन. विचार असा की घरात वाढवायचे, पावसाळ्यात त्यांच्यापासून नवीन रोपं करायची आणि विकायची. मे संपेपर्यंत 14 झाडांची पानं कडेनं करपली आणि गळून पडली. नुसत्या काड्या राहिल्या. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. आपल्या अकोला-अमरावतीकडे पारा 45 च्या पुढे जातो, झाडाचं काय चालणार? म्हणून आम्ही आणखी पाणी टाकलं. झाडं आणखी लवकर गेली.

सहा झाडं मात्र टवटवीत होती, तीन घरांमधली. सभेत आम्ही त्या तिघींना विचारलं, तुम्ही वेगळं काय केलं? एक ताई हसून म्हणाल्या, "मी काहीच नाही केलं, मले तर बोलणी बसली." त्यांनी पहिल्याच दिवशी हंड्यातलं गोडं पाणी कुंडीत टाकलं, तर सासूबाईंनी हात धरला. "माणसाले प्याले पाणी नाही, अन् तू शोभेच्या झाडाले गोडं पाणी टाकून राह्यली?" मग काय, त्या डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी टोपल्यात जमवून तेच टाकू लागल्या. दुसऱ्या दोघीही तेच करत होत्या. बाकी आम्ही सगळ्या बोअरचं पाणी टाकत होतो.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. जमिनीखालचं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून डाळ-तांदळाला आपण गोडंच पाणी घेतो. म्हणजे तांदूळ धुतलेलं ते धुवण गोडं असतं, आणि आपण ते मोरीत सोडतो! सासूबाईंचं काही चुकलं नव्हतं. हंड्यातलं पाणी माणसांचंच. झाडाला एकदा वापरलेलं गोडं पाणी पुरतं.

खारं पाणी कुंडीत टाकलं की पाणी उडून जातं, खार मातीत राहतो. रोज थोडा थोडा साचतो. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला की समजायचं. मुळांना मग ओल्या मातीतूनही पाणी ओढता येत नाही. आम्ही जास्त पाणी टाकलं म्हणजे जास्त खार टाकला.

आता कोणतं पाणी नाही? कूलरच्या टाकीतलं नाही, ते उडून उडून आणखी खारट झालेलं असतं. जाळीवरचा पांढरा थर पाहा. आरओच्या मशीनमधून बाजूला वाहून जाणारं पाणीही नाही. पुष्कळ जणी ते झाडांना टाकतात, पण मशीन गाळलेला सगळा खार त्याच पाण्यात सोडते. कपडे-भांड्यांचं साबणाचं पाणी नको, मीठ टाकून उकळलेलं तर नकोच. डाळ-तांदळाचं धुवण त्याच दिवशी टाकायचं, ठेवलं की वास मारतं. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. आणि सगळ्यात चांगलं पावसाचं. सध्या कुंड्या अंगणात झाडाखाली काढा आणि पाऊस त्यातून खालपर्यंत वाहू द्या. वर्षभराचा खार धुऊन निघतो. खाली भोक नसेल तर मात्र उपयोग नाही.

मातीचं थोडक्यात सांगतो. नुसती काळी माती कुंडीत घालू नका. ओली झाली की गच्च, वाळली की भेगा. एक घमेलं माती, एक घमेलं रेती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत. कुंडी विकतच पाहिजे असं नाही, रंगाचा जुना डबा चालतो.

क्रोटन मूळचं इंडोनेशिया, मलेशियाकडचं. तिकडे गरमी आहे, पण हवा दमट. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, त्यात कूलरचा झोत सरळ अंगावर आला की पानं गळतात. झोतापासून बाजूला ठेवा. थंडीतही रात्री पारा दहाच्या आसपास आला की खिडकीतून आत सरकवा. जागा वारंवार बदलली तरी ते रुसतं. आणि उजेड पाहिजेच. अंधाऱ्या खोलीत, टीव्हीच्या बाजूला ठेवलं तर नवीन पानं हिरवीच राहतात. मग नर्सरीवाल्याला नावं ठेवू नका. पूर्वेची खिडकी किंवा सपरी, जिथं सकाळचं कोवळं ऊन येतं, तिथं रंग खुलतो.

पानाखाली बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी आहे, कोरड्या हवेत हमखास येतो. ओल्या फडक्यानं पानं खालून पुसा. पांढऱ्या कापसासारखा पिठ्या ढेकूण कपाशीमुळे आपल्या ओळखीचाच. एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून फवारायचं.

एक गोष्ट जपा. हे झाड एरंडाच्या कुळातलं, जमालगोट्याच्या नात्यातलं. याचा चीक कातडीला झोंबतो, कपड्यावर डाग पडतो, तोंडात गेला तर आग होते. रांगतं मूल असेल त्या घरी उंचावर ठेवा. शेळीलाही तोडू देऊ नका.

पानं गळाली म्हणून आम्ही त्या 14 काड्या फेकणारच होतो. एकीनं नखानं साल खरडून पाहिली. चार काड्या आत हिरव्या निघाल्या. त्या शेंड्याकडून छाटल्या, धुवणाचं पाणी दिलं, पावसाळ्यात फुटल्या. दहा हाती आल्या.

त्या दहांवर आम्ही गुटी बांधली, डाळिंबाला बांधतात तशीच. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढायची, चीक पुसायचा, ओलं शेवाळ गुंडाळून वरून प्लास्टिक घट्ट बांधायचं. महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसतात, मग खालून कापून कुंडीत लावायचं. पहिल्या वेळी आमच्या अर्ध्या गुट्या वाळल्या, प्लास्टिक सैल बांधलं होतं. बचतीतले पैसे अजून पूर्ण फिटले नाहीत, ते लपवत नाही. पण या आषाढात पुन्हा गुटी बांधायला बसणार आहोत, त्या ताईंच्या सपरीत. टोपलं आता सासूबाईच भरून ठेवतात.