बाळाच्या कानात अजान दिल्यानंतर



आमच्यात मूल जन्मलं की त्याला पुसून, दुपट्यात गुंडाळून बापाच्या हाती देतात. उजव्या कानात अजान, डाव्या कानात इकामत. माझ्या थोरल्या मुलीच्या कानात मीच अजान दिली. आवाज थरथरत होता. मग बाळ आजीकडे दिलं, पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वसईहून नेहमीची चर्चगेट लोकल पकडली. बापाचं काम झालं, असं मला मनापासून वाटलं.

पत्नी चाळीस दिवस माहेरी, नालासोपाऱ्याला होती. मी रविवारी जायचो, बाळ बघायचो, चहा प्यायचो, परत यायचो. पुढं ती घरी आली तेव्हा रात्री बाळ रडलं की मी उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जायचो, कारण सकाळची गाडी चुकवून चालणार नव्हतं. कधीकधी ती स्वतःच रडताना दिसायची. घरातल्या मोठ्या बायका म्हणायच्या, बाळंतीण आहे, रडणारच. मीही मान डोलावली. त्याच वर्षी मी आईवर दोन कविता लिहिल्या आणि त्यांना टाळ्याही मिळाल्या.

खूप वर्षांनी एकदा भांडी लावता लावता पत्नी सहज म्हणाली, ‘‘तेव्हा मला वाटायचं, हे मूल माझ्या एकटीचं आहे. तुम्ही पाहुणे होता.’’ तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

आज हे सांगायचं कारण म्हणजे तीच मुलगी आता आई होणार आहे. परवा ती आणि जावई घरी आले होते. पाळणा कुठला, नाव कोणतं, असं बोलणं चाललं होतं. मी जावयाला म्हटलं, ‘‘बेटा, नाव नंतर ठरेल. रात्री दोन वाजता कोण उठणार, ते ठरलंय का?’’ तो हसला. मुलगी हसली नाही.

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास गाडीत, वर ऑफिसचे आठ-नऊ तास. आमच्या भागातला बाप बाळाला बहुधा झोपलेलंच बघतो. कायदाही आईकडे बघूनच केलेला. २०१७ च्या दुरुस्तीनं आईची प्रसूती रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, ती पहिल्या दोन मुलांसाठी. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला मात्र पंधरा दिवसांची पितृत्व रजा, आणि खासगी नोकरीत ती बहुधा मालकाच्या मर्जीवर. म्हणजे वेळ थोडा आहे. जो आहे तो कसा वापरायचा, हे बाळ यायच्या आधीच दोघांनी बसून ठरवायला हवं.

आता बापाला काय जमतं, असं विचाराल. अंगावर पाजणं सोडलं तर सगळं जमतं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात उबपेट्या कमी पडत होत्या. तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधली. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. पुढं हेही दिसलं, की ही ऊब बापाची छातीसुद्धा देते. माझी छाती तेव्हा रिकामीच होती, श्रोतेहो, मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिथले बालमृत्यू किती कमी झाले, ते १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि जगानं त्याची दखल घेतली. त्या कामातून धडा घेऊन आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळ नीट ओढतं का, अंग गार किंवा तापलेलं आहे का, श्वास घेताना छाती आत ओढली जाते का, हे त्या बघतात. त्या येतात तेव्हा बाप बहुधा गाडीत असतो. इमारतींच्या गर्दीत प्रत्येक दारी आशाताई पोचेलच असंही नाही. मग या खुणा घरातल्या दोघांनाही ठाऊक नकोत का? यातली एकही दिसली तर सकाळची वाट न बघता बाळाला डॉक्टरकडे न्यायचं असतं.

आणि आईकडे कोण बघणार? बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे बहुतेकींना होतं आणि ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्याला नखरा म्हणू नये, नजरही म्हणू नये. हे सगळ्यात आधी ओळखू शकतो तो शेजारी झोपणारा नवरा. अट एवढीच, की त्यानं उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊ नये.

आमच्या सासवा-आज्यांना यात कमीपणा वाटतो, हे मी जाणतो. मुलगा लंगोट बदलताना दिसला की त्यांचा चेहरा उतरतो. त्यांनाही आधीच विश्वासात घ्यावं. तपासणीला एकदा नवरा-बायको दोघांनी आणि एकदा सासूबाईंनी जावं. मध, घुटी यांबद्दलचे वाद तिथंच डॉक्टरांसमोर मिटतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरात भांडण उरत नाही.

त्या दिवशी जाताना जावयानं आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि विचारलं, ‘‘अब्बा, ते सहा दिवस परत सांगता?’’ मी सांगितले. त्यानं मोबाइलमध्ये लिहून घेतले. पत्नी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, बोलली काहीच नाही.

अजान मात्र त्यानंच द्यायची आहे. या वेळी मी त्याला एवढंच सांगणार आहे, की ती दिल्यावर बाळ लगेच कुणाच्या हाती देऊ नकोस.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)