विनोदी संहितेतील कृतीचे लेखन



भरतमुनींनी हास्यरसाचे विभाव सांगताना विकृत वेष आणि अलंकार यांना अग्रस्थान दिले असतानाही, आपण मराठी नाटककारांनी शब्दांच्या विनोदाची जेवढी निगा राखली, तेवढी डोळ्यांना दिसणाऱ्या विनोदाची राखली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. संवादातील एकेक शब्द आपण घोटून घोटून लिहितो. आणि जेथे सारा प्रसंग कृतीवर तोललेला असतो, तेथे मात्र कंसात ‘गोंधळ उडतो’ किंवा ‘विनोदी हावभाव करतो’ एवढे लिहून पुढे जातो. रकमेची जागा कोरी ठेवलेल्या हुंडीसारखा हा कंस असतो. नटाने तो कोठे वटवावा?

या बाबतीत गोविंद बल्लाळ देवल यांचे नाट्यलेखन अभ्यासण्याजोगे आहे. गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली रंगभूमीवर आणलेल्या ‘संशयकल्लोळ’चा आधीचा गद्य अवतार ‘तसबिरीचा घोटाळा’ या नावाने ओळखला जात असे, आणि नाटकाचा प्राण कोणत्या वस्तूत आहे हे त्या नावातच नमूद आहे. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटाची, तसबीर संशयी फाल्गुनरावाच्या बायकोला, कृत्तिकेला, सापडते. ती न्याहाळीत असतानाच फाल्गुनराव तिला पाहतो. तसबीर तिच्या हाती कशी आली हे प्रेक्षक जाणतात, फाल्गुनराव जाणत नाही. त्यामुळे कृत्तिकेची नजर त्या चित्रावर क्षणभर अधिक रेंगाळली, तरी एकही कोटी न होता हशा उठतो. गणपतराव बोडस यांचा फाल्गुनराव रसिकांच्या स्मरणात राहिला, त्याचे श्रेय त्यांच्या अभिनयगुणांना आहेच. परंतु कोणी, केव्हा आणि काय पाहिले याची चोख तजवीज देवलांनी आधीच करून ठेवली होती. तालीम देण्याचा प्रदीर्घ अनुभव या लेखणीच्या पाठीशी होता, हे विसरून चालणार नाही.

म्हणून माझे सांगणे असे की, रंगसूचनेत कृतीचे कारण आणि क्रम लिहावा, नटाने चेहरा कसा करावा हे लिहू नये. ब्रॅंडन थॉमस यांच्या १८९२ सालच्या ‘चार्लीज आंट’वरून आचार्य अत्रे यांनी ‘मोरूची मावशी’ रचली; तीत पुरुषाने लुगडे नेसणे हा विनोद पहिल्या दर्शनातच खर्ची पडतो. पुढे हसू येते ते, कोणासमोर हे बिंग फुटू द्यायचे नाही, या धास्तीमुळे. आणि ती धास्ती लेखकालाच निर्माण करावी लागते.

तमाशातील बतावणी कागदावाचून रंगते, असा आक्षेप येईल, आणि सोंगाड्याच्या उत्स्फूर्ततेविषयी मला नितांत आदर आहे. तथापि १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके यांच्या हजरजबाबीपणाला जी मोकळीक लाभली, ती वसंत सबनीस यांनी वगाचा सांगाडा भक्कम बांधला होता म्हणूनच.

एक विनंती या अधिवेशनापुढे ठेवतो. तालमींत आणि प्रयोगांत सिद्ध झालेल्या कृती प्रॉम्प्टरच्या प्रतीत पेन्सिलीने टिपलेल्या असतात, आणि मंडळी बंद पडली की ती प्रत रद्दीत जाते. प्रकाशकांनी विनोदी नाटकाची आवृत्ती काढताना या टिपणांसह ती छापावी आणि नाट्यसंस्थांनी अशा प्रती आपल्या दफ्तरी जतन कराव्यात, असा ठराव आपण याच बैठकीत मंजूर करावा.