रिकाम्या खाचेचे मोल

मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यात जामसांवली नावाचे गाव आहे. पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताच्या मूर्तीमुळे त्याची कीर्ती दूरवर पसरली आहे. मंगळवारी आणि शनिवारी तेथे भाविकांची गर्दी असते. चैत्री पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीच्या दिवशी, तर नागपूर, छिंदवाडा आणि पांढुर्णा अशा तिन्ही बाजूंनी माणसांचे लोंढे येतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले व सौंसर-पांढुर्णा दुसऱ्या राज्यात राहिले. २०२३ साली हा भाग छिंदवाड्यापासून वेगळा होऊन त्याचा पांढुर्णा जिल्हा झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. परंतु घरातील मराठी, नागपूरची बाजारपेठ आणि सीमेपलीकडील सोयरीक ही काही बदलली नाहीत. अशा मुलखात दूरच्या माणसाशी क्षणात संपर्क साधता येणे ही चैन नव्हे, नित्याची गरज होय.

यात्रेच्या गर्दीत चुकामूक झाली, की जो तो खिशातील फोन काढतो. फोन लागला तर कोणी त्याचा विचार करीत नाही. न लागला तर समोरच्या मनोऱ्याला बोल लावला जातो. मनोरा दिसतो, म्हणून दोषही त्याच्या माथी बसतो. पण त्या मनोऱ्यामागे, तसेच पंचायतीच्या कचेरीतील संगणकामागे, कोठेतरी एखाद्या लहानशा खोलीत एक कपाटवजा यंत्र अहोरात्र चालू असते. दूरदूरच्या अनेक वाटा एकत्र घेऊन त्या मोठ्या हमरस्त्याला जोडून देणे, हे त्याचे काम. ह्या यंत्राची एक लोखंडी चौकट असते. चौकटीत ओळीने खाचा असतात आणि पुस्तके फळीवर लावावीत तशी त्या खाचांत कार्डे सरकविलेली असतात. प्रत्येक कार्ड ठरावीक वाटांचा भार वाहते. बारकाईने पाहिले तर काही खाचा रिकाम्या आढळतात. त्या विसरून राहिलेल्या नसतात. मुद्दाम राखलेल्या असतात. गावे वाढली, मागणी वाढली, म्हणजे नवे यंत्र न आणता त्या खाचेत नवे कार्ड बसवावयाचे, अशी ही योजना आहे. काम पडेल तसे रूप वाढविण्याची हनुमंताची ख्याती आहे. यंत्राच्या रचनाकारांनी तीच युक्ती आपल्या परीने साधली, असे म्हणावयास हरकत नाही.

ही युक्ती भारतीय खेड्यांना नवी नाही. १९८४ साली ‘सी-डॉट’ ही सरकारी संशोधनसंस्था स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी १२८ पोर्टांचे स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंज तयार केले. १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे ते प्रथम कार्यान्वित झाले. त्याला वातानुकूलित खोलीची गरज नव्हती. खेड्यातील उष्मा आणि धूळ गृहीत धरूनच त्याची घडण झाली होती. त्याच्या एकेका कार्डावर आठ तारांची सोय असे. आठ नवे ग्राहक आले, की एक कार्ड वाढवावे, इतका तो हिशेब सरळ होता. पुढे अशा एक्स्चेंजांना मोठ्या शहरी एक्स्चेंजचा दूरस्थ भाग म्हणून जोडण्याची सोय झाली, आणि त्याच जुन्या चौकटी नव्या कामाला लागल्या.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. त्या काळी घरचा संगणक टेलिफोनच्या तारेवरून सेवाकेंद्राला फोन लावी आणि केंद्रातील एक मोडेम तो फोन उचली. एका वेळी जितके मोडेम, तितकीच माणसे आत. पुढच्याला ‘एंगेज’चा स्वर ऐकू येई. म्हणून केंद्रातील यंत्रातही खाचा होत्या आणि त्यांत मोडेमांची कार्डे भरली जात. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावे संगणकाने वारणानगरच्या सहकारी संस्थांशी जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला, त्यामागील प्रश्नही हाच होता: दूरच्या गावाला मध्यवर्ती यंत्राचे दार उघडे मिळावे कसे? ऊस उत्पादकाला आपल्या उसाचे वजन आणि हिशेब गावातच कळावा, हा त्यातील हेतू. पुढे २००७ च्या सुमारास तेथील काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांनी तेच काम करून पाहण्यात आले व ते साधले. विस्तार करण्यापूर्वी गरज नेमकी कोणती हे पाहावे, हा धडा वारणेकाठच्या त्या प्रयोगाने दिला.

आता तांब्याच्या तारेची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे. २०११ साली केंद्र सरकारने देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या मूळ आराखड्यात विकासखंडाच्या ठिकाणच्या एक्स्चेंजमध्ये ‘ओएलटी’ नावाचे मुख्य यंत्र आणि पंचायतीच्या कचेरीत ‘ओएनटी’ नावाची लहान पेटी अशी जोडी असते. मुख्य यंत्राच्या एका पोर्टातून निघालेला प्रकाश वाटेत स्प्लिटरमध्ये विभागला जातो व सामान्यतः ६४ ठिकाणांपर्यंत पोहोचविता येतो. अंतराची मर्यादा सुमारे २० किलोमीटर. सौंसरहून जामसांवली ह्या मर्यादेच्या बरेच आत पडते.

येथे थोडा हिशेब मांडणे इष्ट होईल. ह्या पद्धतीच्या एका पोर्टाचा गावाकडे जाणारा एकूण वेग सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट आहे. ६४ ठिकाणांनी एकाच वेळी आपला वाटा मागितला, तर प्रत्येकाच्या पदरी सुमारे ३९ मेगाबिट पडतात. पंचायतीस १०० मेगाबिट देण्याचे ध्येय ठेवले, तर ऐन गर्दीच्या वेळी एका पोर्टावर २४ पंचायतींचीच सोय होते. पंचविसावी पंचायत जोडता येते; परंतु ती इतरांच्या ताटातले काढून जोडली जाते. भार वाढला, की रिकाम्या खाचेत नवे कार्ड बसवून नवे पोर्ट उघडावे लागतात, ते ह्यासाठी.

कार्ड बसविणे ही क्रिया पाहणाऱ्यास पाच मिनिटांची वाटते. खरी मेहनत तिच्या आधीची आणि नंतरची असते. कुशल तंत्रज्ञ प्रथम चौकट वाचतो. कोणती खाच कोणत्या कार्डासाठी आहे. यंत्रातील आज्ञावलीची आवृत्ती नव्या कार्डाला ओळखते की नाही. वीजपुरवठ्याचा भाग आणखी एका कार्डाचा भार सोसेल की नाही. बॅटऱ्यांत दम किती आहे. पंखे चालतात की धुळीने अडले आहेत, ह्या सर्वांची तो नोंद करतो. मगच पेटी उघडतो.

त्यानंतरचा शत्रू अदृश्य आहे. मे महिन्यात नागपूर-सौंसरच्या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा ठणठणीत कोरडी होते. अशा हवेत माणसाच्या अंगावर, विशेषतः टेरिलीन-नायलॉनच्या कपड्यांमुळे, स्थिर विद्युत सहज साठते. सुमारे तीन हजार व्होल्टच्या आतील ठिणगी माणसाला जाणवतही नाही. कार्डावरील नाजूक घटकांपैकी काहींना मात्र शंभर व्होल्टही घातक ठरतात. त्यातून कार्ड लगेच निकामी झाले तर ते निदान कळते. अर्धवट जायबंदी झालेले कार्ड आज चालते आणि दोन महिन्यांनी, नेमके यात्रेच्या दिवशी, बंद पडते. म्हणून तंत्रज्ञ मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतो, कार्ड कडेने धरतो आणि खाचेपर्यंत नेईतो ते त्याच्या खास पिशवीतच ठेवतो.

कार्ड सरकविताना जोर लावावयाचा नसतो. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत ते नीट बसले, की शेवटच्या बोटभर अंतरावर पुढच्या दोन खिट्ट्या दाबून ते मागील मुख्य पाटीत रुतवितात. तेथील एक बारीक सुई वाकली, तर ती खाच कायमची जाते. कधी शेजारच्या कार्डांवरही बेतते. काही यंत्रांत चालू स्थितीत कार्ड बदलता येते. त्यांत जमिनीशी जोडणाऱ्या सुया इतरांहून लांब ठेवलेल्या असतात, म्हणजे प्रथम जोड त्यांचा होतो. काही यंत्रे मात्र बंद करूनच उघडावी लागतात. ह्या दोहोंतील फरक कागदपत्रे वाचून जाणणे, हे अनुभवी माणसाचे पहिले लक्षण.

फायबरच्या कार्डाला आणखी एक पथ्य असते. त्यातून निघणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, परंतु डोळ्यांना इजा करू शकतो. म्हणून चालू तंतूच्या टोकात डोकावून पाहणे वर्ज्य. शिवाय प्रकाशाचे दर वेळी दोन भाग करीत गेले, की सहा विभागण्यांत मूळ प्रकाशाचा चौसष्टावा हिस्सा उरतो. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर पंचायतीतील पेटी चालावयाची असते. जोडाच्या तोंडावर धुळीचा एक कण बसला, तर त्यातीलही मोठा वाटा हिरावला जातो. जोड पुसल्यावाचून लावू नये, हा नियम म्हणूनच कोणत्याही महागड्या उपकरणाइतका मोलाचा.

जी खाच रिकामी राहते, तिलाही काम असते. तिच्यावर कोरी पट्टी लावावी लागते. ती न लावल्यास पंख्यांनी खेचलेली हवा त्या भगदाडातून निसटते आणि शेजारची कार्डे तापतात. पट्टी हरवली म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा अडकविणे किंवा खाच तशीच उघडी टाकणे, ह्यातून पुढील बिघाडाचे बीज पेरले जाते.

कार्ड बसले, दिवा हिरवा झाला, तरी काम संपत नाही. नवे पोर्ट आज्ञावलीत नोंदवावे लागतात, प्रत्येक तंतूवर गावाच्या नावाची चिठ्ठी लावावी लागते आणि शेवटी गावात जाऊन सेवा खरोखर पोहोचली की नाही हे पाहावे लागते. हिरवा दिवा एक्स्चेंजमध्ये लागतो. शिधापत्रिकेसाठी अंगठा उमटविणारी वृद्धा रांगेत गावात उभी असते. तिचा अंगठा यंत्राने स्वीकारला, तरच काम झाले.

ह्याहून मोठी फसगत वेगळीच आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्राबागाइतदारास ती चटकन उमगेल. विहिरीवरील पंप तोच ठेवून ठिबकच्या नळ्या वाढवीत गेले, तर नव्या झाडांना पाणी मिळत नाहीच, जुनीही सुकू लागतात. कार्डांचेही तसेच आहे. खाली कितीही पोर्ट वाढविले आणि एक्स्चेंजहून पुढे जाणारी मुख्य वाट तेवढीच राहिली, तर गर्दी केवळ एका दारातून दुसऱ्या दारात सरकते. म्हणून कार्डाच्या खर्चाबरोबर पुढच्या वाटेचा खर्च मांडलाच पाहिजे.

येथे हिशेबतपासनिसाचा प्रश्न उभा राहतो: आज न लागणाऱ्या खाचांसाठी आज पैसा का द्यावा? लहान, पूर्ण भरलेली पेटी स्वस्त पडते आणि निविदेत तीच जिंकते. हा प्रश्न अगदीच गैर नाही. यंत्रांच्या पिढ्या झपाट्याने बदलतात. जुन्या चौकटीची कार्डे काही वर्षांनी बाजारातून नाहीशी होतात आणि जपून ठेवलेली खाच कायमची रिकामी राहते. परंतु भरलेली पेटी घेणाऱ्या गावाला पुढच्या वाढीच्या वेळी सर्वच नव्याने घ्यावे लागते, आणि ते मंजूर होईतो मागाहून आलेली वस्ती, नवी शाळा, नवे आरोग्यकेंद्र ही तिष्ठत राहतात. तेव्हा मार्ग मधला आहे. खाच राखावी, पण तिच्यासोबत दोन-चार कार्डेही भांडारात राखावीत, विजेची व पुढच्या वाटेची तरतूद करावी, आणि ते कार्ड बसवू शकणारा हात तालुक्यातच तयार करावा. शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित आहे. शंभर कोसांवरून तज्ज्ञ येईपर्यंत गाव तुटलेले राहते. स्थानिक लाइनमनला व आयटीआयच्या मुलाला हे शिक्षण मिळाले, तर तेच काम अर्ध्या दिवसाचे होते.

यात्रेतील महाप्रसादाच्या पंगतीत जाणता वाढपी शेवटची दोन पाने मोकळी ठेवतो. कोणी तरी लांबून, पायी, उशिरा येणार हे त्याला ठाऊक असते. परंतु पान मांडून भागत नाही. भातही तेवढा शिजवावा लागतो आणि वाढणाराही जागेवर असावा लागतो. सौंसरसारख्या ठिकाणच्या यंत्रातील रिकाम्या खाचेचे मोल ह्याच मापाने मोजावयास हवे.