मुलांच्या मानेंतील गांठ

सातपुड्याच्या माथ्यावर, अकराशें मीटरांहून अधिक उंचीवर, तोरणमाळ वसलें आहे. शहाद्याहून चढणारा घाट, यशवंत तलाव आणि गोरखनाथाची महाशिवरात्रीची यात्रा यांमुळें शहरवासीयांस तें ठाऊक असतें. तेथील एखाद्या पाड्यावरील मुलाच्या मानेंत गांठ उठली, तर ती कशाची समजावी?

बहुधा ती कर्करोगाची नसते, हें आधीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. घसा सुजला, दांत किडला, डोक्यांत खरूज झाली, कीं मानेंतील रसग्रंथि फुगतात व कांहीं आठवड्यांत ओसरतात. क्षयाची गंडमाळहि आपल्याकडे नवी नाहीं. भारतांत नोंदलेल्या कर्करोगांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा वांटा शेंकडा ४ च्या आसपास आहे. आणि अमेरिकेंतील नोंदींवरून पाहतां, मुलांच्या कर्करोगांपैकीं सुमारें शेंकडा १२, मेंदू वगळून, डोकें व मान या भागांत होतात.

हा विरळेपणाच घातक ठरतो. घशामुखाचा कर्करोग म्हटला कीं तंबाखू, मिश्री, सुपारी आणि उतारवय डोळ्यांपुढें येतें. मुलांचा रोग निराळाच. पांच वर्षांच्या आंत डोळ्याच्या पडद्याचा रेटिनोब्लास्टोमा आढळतो. उजेडांत बाहुली मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमकते, आणि पुष्कळदां तें प्रथम आईच्याच लक्षांत येतें. ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा हा डोळ्याच्या खोबणींत, नाकामागें किंवा कानांत वाढतो. अशा वेळीं कान वाहतो, रक्त येतें, आणि घरचीं माणसें तेल घालीत राहतात. किशोरवयांत लिंफोमा, नाकामागील घशाचा कर्करोग आणि, विशेषतः मुलींत, कंठग्रंथीचा कर्करोग हे पुढें येतात. यांपैकीं कशासहि मुलाची संवय कारण नसते.

हे आंकडे अर्थात् डॉक्टरांपर्यंत पोंचलेल्यांचे. मुंबईंत १९६३ सालीं लोकसंख्येवर आधारलेली कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागासाठीं १९८७ सालीं बार्शीस ती निघाली, तेव्हां नोंदकर्त्यांस गांवोगांव हिंडून रोगी शोधावे लागले. जें मूल डोंगर उतरलेंच नाहीं, तें कोणत्याहि शेंकडेवारींत नाहीं.

दुखत नाहीं, पण टणक आहे. तीन-चार आठवड्यांत कमी न होतां वाढते आहे. किंवा गळपट्टीच्या हाडावर आहे, अशी गांठ दाखविलीच पाहिजे. सोबत ताप, रात्रीं घाम व अंग झडणें असेल तर विलंब नको. निदान गांठीचा तुकडा तपासूनच होतें. केवळ चांचपून क्षयाचीं औषधें महिनोन्‌महिने देणें योग्य नव्हे.

आणि आशा थोडी नाहीं. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकीं शेंकडा ८० हून अधिक बरीं होतात. अनेक गरीब देशांत ३० हूनहि कमी. मुंबईचें टाटा रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, तेथें मुलांसाठीं स्वतंत्र विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाचे उपचारहि मोडतात. परंतु तोरणमाळाहून मुंबई रस्त्यानें चारशें किलोमीटरांहून दूर, आणि उपचार महिनोन्‌महिने चालावयाचे. मध्येंच ऊसतोडीस गुजराथेंत जाण्याची वेळ येते, घरीं दुसरीं मुलें असतात. पहिल्या कांहीं औषधांनींच गांठ दिसेनाशी होते, तेव्हां रोग गेला असें समजून आईबाप मुलास घेऊन परततात. तो मात्र त्यानंतरहि पुष्कळ दिवस अंगांत दडून असतो.